चेक प्रजासत्ताकातील नागरी शस्त्रवहन कायदा

चेक प्रजासत्ताकात सामान्य नागरिकाने स्वसंरक्षणासाठी भरलेले पिस्तूल वा रिव्हॉल्वर सोबत बाळगण्यासंबंधीची कायदेशीर व्यवस्था. युरोपीय संघातील बहुतेक देशांत शिकार आणि नेमबाजी यांसाठी बंदुकीचा परवाना मिळतो. पण रस्त्यावर शस्त्र बाळगण्याची मुभा क्वचितच कोणाला दिली जाते. ब्रिटनने तर डनब्लेनच्या शाळेतील १९९६ च्या हत्याकांडानंतर जवळजवळ सर्व खाजगी हातबंदुकांवर बंदी घातली. चेक कायदा याला ठळक अपवाद आहे. अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराला परवाना नाकारता येत नाही आणि आपल्या जिवाला धोका असल्याचे त्याला सिद्ध करावे लागत नाही. देशाची लोकसंख्या एक कोटीहून थोडी अधिक; परवानाधारक सुमारे तीन लाख, तर नोंदणीकृत शस्त्रे दहा लाखांच्या आसपास आहेत. परवानाधारकांतील बहुसंख्यांनी स्वसंरक्षणासाठीचा परवानाही घेतलेला होता.

पूर्वपीठिका : बोहेमियात हातबंदुकांचा वापर पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धांपासून रूढ झाला. त्या बाळगण्यावर नियंत्रण आणणारा नियम तेथील प्रतिनिधिसभेने १५२४ मध्ये केला. पुढे ऑस्ट्रियन साम्राज्याच्या १८५२ च्या शस्त्रविषयक फर्मानाने हा विषय हाताळला आणि १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाल्यावरही तीच चौकट चालू राहिली. मार्च १९३९ मध्ये नाझी जर्मनीने देश व्यापल्यानंतर नागरिकांना शस्त्रे जमा करण्याचे हुकूम सुटले. युद्धकाळात बेकायदा शस्त्र सापडल्यास देहान्ताची शिक्षा होत असे. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. त्यांच्या राजवटीत बंदूक राजवटीच्या विश्वासातील लोकांच्या, मुख्यतः निवडक शिकाऱ्यांच्या, हाती राहिली आणि पक्षाचे सशस्त्र जनदल कारखान्यांतून उभे राहिले. १९८९ मध्ये ही राजवट कोसळल्यानंतर परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, असा विचार बळावला. १९९५ च्या कायद्याने स्वसंरक्षणासाठीचा परवाना निश्चित अटींवर खुला केला, तर २००२ च्या ११९ क्रमांकाच्या कायद्याने व्यवस्थेला दीर्घकाळ टिकलेले स्वरूप दिले.

परवान्याच्या अटी : २००२ च्या कायद्यात उद्देशानुसार गट होते : संग्रह, नेमबाजी, शिकार, नोकरी-व्यवसाय आणि जीवित-मालमत्तेचे संरक्षण. स्वसंरक्षणाच्या गटासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. अर्जदाराला लेखी परीक्षा देऊन कायदा, शस्त्रांची माहिती आणि प्रथमोपचार यांचे ज्ञान दाखवावे लागे. प्रात्यक्षिकात शस्त्र सुरक्षितपणे हाताळून नेमबाजी करावी लागे. वैद्यकीय दाखला सक्तीचा होता. गुन्ह्यांचा पूर्वेतिहास तपासला जाई, तसेच दारू वा अमली पदार्थांशी निगडित वर्तनावरून अर्जदार विश्वासपात्र आहे का हेही पोलीस पाहत.

बाळगण्याचे नियम : शस्त्र कपड्याआड, इतरांना दिसणार नाही असेच ठेवावे लागते, उघड्यावर शस्त्र बाळगण्याची मुभा पोलिसांसारख्या मोजक्यांपुरती राखलेली आहे. २००२ च्या कायद्यानुसार एका वेळी जास्तीत जास्त दोन शस्त्रे सोबत ठेवता येत. मद्य घेतलेल्या अवस्थेत शस्त्र बाळगणे हा दंडनीय अपराध आहे. निदर्शने, जत्रा, क्रीडास्पर्धा अशा गर्दीच्या ठिकाणी शस्त्र नेण्यास त्या कायद्याने मनाई केली होती. घरी दोनपेक्षा जास्त शस्त्रे असल्यास ती कुलूपबंद पोलादी कपाटात ठेवणे बंधनकारक होते.

परवाना मिळाला म्हणून गोळी झाडण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो प्रश्न २००९ च्या दंडसंहितेतील कलम २९ नुसार सुटतो. हल्ला चालू असताना किंवा थेट समोर ठाकला असताना केलेला प्रतिकार, तो हल्ल्याच्या स्वरूपाशी अगदी उघडपणे विसंगत नसेल तर, गुन्हा ठरत नाही. हल्ला झालेल्याने आधी पळ काढायला हवा होता, अशी अपेक्षा कायदा करत नाही.

युरोपीय संघाशी वाद : पॅरिसमधील नोव्हेंबर २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर युरोपीय संघाने काही अर्धस्वयंचलित शस्त्रांवर आणि मोठ्या काडतूसपेट्यांवर निर्बंध आणणारा निर्देश २०१७ मध्ये संमत केला. कायदेशीर मालकांवर बोजा टाकून दहशतवाद रोखला जात नाही, अशी चेक सरकारची भूमिका होती. सरकारने निर्देशाला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने ते ३ डिसेंबर २०१९ रोजी फेटाळले. त्यानंतर २०२१ मध्ये निर्देश देशी कायद्यात उतरवण्यात आला.

याच वादातून घटनादुरुस्तीची मागणी पुढे आली. पहिला प्रस्ताव कनिष्ठ सभागृहाने जून २०१७ मध्ये मंजूर केला, पण डिसेंबरमध्ये सिनेटने तो अडवला. दुसऱ्या प्रयत्नाला लाखाहून अधिक सह्यांच्या अर्जाचे पाठबळ मिळाले आणि २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो संमत केला. मूलभूत हक्कांच्या सनदेतील सहाव्या अनुच्छेदात भर पडून, कायद्याने घातलेल्या अटींवर स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जीविताचे शस्त्राने रक्षण करण्याचा हक्क १ ऑक्टोबर २०२१ पासून घटनात्मक झाला. शस्त्र बाळगण्याचा बिनशर्त हक्क मात्र यातून निर्माण झालेला नाही.

सार्वजनिक सुरक्षितता : चेक प्रजासत्ताकात खुनांचे प्रमाण कमी आहे, अलीकडच्या बऱ्याच वर्षांत ते दर लाख लोकसंख्येमागे एकाच्या आसपास वा त्याहून खाली राहिले. बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत आत्महत्यांचा वाटा सर्वाधिक असतो. समर्थक या आकड्यांकडे व्यवस्थेच्या यशाचा पुरावा म्हणून पाहतात. मात्र असेच कमी प्रमाण कडक निर्बंध असलेल्या शेजारी देशांतही आढळते. त्यामुळे शस्त्रवहनाची मुभा आणि सुरक्षितता यांचा कार्यकारणसंबंध एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

व्यवस्थेतील उणिवा सामूहिक हत्याकांडांनी उघड केल्या. २४ फेब्रुवारी २०१५ रोजी उहेर्स्की ब्रोद येथे, चेस्का झ्ब्रोयोव्का या प्रसिद्ध शस्त्रकारखान्याच्याच गावात, एका परवानाधारकाने उपाहारगृहात आठ जणांना ठार केले. २१ डिसेंबर २०२३ रोजी प्रागमधील चार्ल्स विद्यापीठाच्या कलाशाखेत एका विद्यार्थ्याने १४ जणांचा बळी घेतला. त्याच्याकडेही परवाना आणि अनेक कायदेशीर शस्त्रे होती. याउलट ओस्त्रावाच्या रुग्णालयातील १० डिसेंबर २०१९ च्या गोळीबारात वापरलेले पिस्तूल बेकायदा होते. पहिल्या दोन घटनांत परवान्याची चाळणी आणि नंतरची देखरेख दोन्ही अपुऱ्या पडल्या. वैद्यकीय दाखला बहुधा नेहमीच्या डॉक्टरकडून मिळे, मानसशास्त्रीय तपासणी सरसकट होत नसे आणि एकदा मिळालेला परवाना दहा वर्षे चाले.

नवा कायदा : २०२४ चा ९० क्रमांकाचा कायदा प्रागच्या घटनेच्या आधीपासून तयार होत होता, त्या घटनेने त्याला गती दिली. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. जुन्या गटांऐवजी सामान्य व विस्तारित अशा दोन पातळ्यांचा शस्त्राधिकार आला आणि कागदी परवान्याची जागा संगणकीय नोंदवहीने घेतली. वैद्यकीय तपासणी दहाऐवजी पाच वर्षांनी करावी लागते. आपला रुग्ण शस्त्रधारक आहे का, हे डॉक्टरला नोंदवहीत पाहता येते. संशयास्पद खरेदीची खबर देण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर आहे, तर धोका दिसल्यास शस्त्र आधीच ताब्यात घेण्याचे पोलिसांचे अधिकार वाढले आहेत. स्वसंरक्षणासाठी शस्त्र सोबत बाळगण्याचा मूळ हक्क या कायद्याने कायम ठेवला आहे. बदल झाला तो धारकाची पात्रता पारखण्याच्या आणि ती पुन्हापुन्हा तपासण्याच्या पद्धतीत.