ट्रॅक्टर व औजारांचे झिजलेले भाग: तपासणी, निवड आणि बदल

जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यानंतर पेरणीयोग्य वापसा काही मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत रोटाव्हेटरचे पाते तुटले, क्लच घसरू लागला किंवा पट्टा तुटला, तर खरे नुकसान सुट्या भागाच्या किमतीचे नसते. वापसा निघून जातो, मजूर बसून राहतात आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत पेरणी लांबते. म्हणून झिजणारे भाग तुटण्याची वाट न पाहता उन्हाळ्यातच मोजून तपासावेत आणि गरजेचे भाग बदलून घ्यावेत.

खर्चाचा क्रम कसा ठरवावा?

सर्व भाग एकाच वेळी बदलणे बहुतेकांना परवडत नाही. अशा वेळी भागांचे तीन गट करावेत.

1. जिवाला धोका निर्माण करणारे: ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, पुढचे टायर, ट्रॉलीची हुक पिन. यांत तडजोड नको.
2. काम नकळत बिघडवणारे: रोटाव्हेटरची पाती, पेरणी यंत्राचे दाते, मागचे टायर, एअर फिल्टर. ट्रॅक्टर चालू राहतो, पण डिझेल जास्त लागते आणि उगवण असमान होते. हे भाग झिजल्याचे लवकर लक्षात येत नाही.
3. काम थांबवणारे: फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, क्लच. यांपैकी स्वस्त भाग घरी शिल्लक ठेवावेत.

ब्रेक, स्टिअरिंग आणि पुढचे टायर

- मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत दोन्ही ब्रेक पेडल जोडून, कमी वेगात ब्रेक दाबून पाहा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जात असेल तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत. आधी समायोजन करून घ्या. लायनर झिजले असतील तर ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.
- तेलात बुडालेल्या ब्रेकमध्ये पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. चुकीच्या तेलाने ब्रेक आवाज करतात आणि प्लेटा लवकर खराब होतात.
- पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन, खाली पक्का आधार लावा. मग चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवल्यास बेअरिंग किंवा किंग पिन तपासून घ्या.
- पुढचा टायर फक्त आतल्या किंवा फक्त बाहेरच्या कडेला झिजला असेल, तर चाकांचे अलाइनमेंट व टाय रॉडचे सांधे आधी दुरुस्त करा. नाहीतर नवा टायरही तसाच झिजेल.

उसाची किंवा कांद्याची भरलेली ट्रॉली उतारावर मागून ढकलत असते. शेतात चालून गेलेला अर्धवट ब्रेक रस्त्यावर पुरत नाही. रस्त्यावर दोन्ही पेडल नेहमी जोडलेलीच ठेवा.

मागचे टायर: नजरेने नको, घसर मोजून ठरवा

टायरच्या नक्षीचे उंच पट्टे झिजले की चाक जमिनीला पकडत नाही, जागीच जास्त फिरते. हे मोजणे सोपे आहे.

- चाकावर खडूने खूण करा. त्याच शेतात औजार उचलून चाकाचे 10 फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि पार केलेले अंतर मोजा.
- आता औजार जमिनीत घालून पुन्हा 10 फेरे चालवा व अंतर मोजा.
- दोन्ही अंतरांतील फरकाला पहिल्या अंतराने भागून 100 ने गुणा. ही घसर टक्क्यांत मिळते.

उदाहरणार्थ, औजार उचलून 40 मीटर आणि औजारासह 32 मीटर अंतर आले तर घसर 20 टक्के झाली. दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी साधारण 10 ते 15 टक्के घसर योग्य मानतात. त्यापेक्षा जास्त घसर म्हणजे डिझेल आणि टायर दोन्ही वाया जात आहेत.

मात्र घसर जास्त आली म्हणून लगेच टायर घेऊ नका. ओली काळी जमीन, जास्त खोली, चाकांवर कमी वजन आणि चुकीची हवा हीसुद्धा कारणे असतात. वापसा आल्यावर, पुस्तिकेप्रमाणे हवा व वजन ठेवून पुन्हा मोजा. तरीही घसर कमी होत नसेल आणि नक्षी जवळपास सपाट झाली असेल, तर टायर बदलण्याची वेळ झाली आहे.

टायर घेताना:

- जुन्या टायरवरील आकार वाचा. 13.6-28 यातील 13.6 ही रुंदी आणि 28 हा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत असतात.
- टायरच्या बाजूला चार अंकी उत्पादन क्रमांक असतो. 2324 म्हणजे 2024 सालातील 23 वा आठवडा. दुकानात बरीच वर्षे पडून राहिलेला टायर घेऊ नका.
- मागचे दोन्ही टायर एकाच आकाराचे व सारख्या नक्षीचे असावेत.
- चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या व मागच्या टायरच्या आकाराचे प्रमाण ठरलेले असते. ते बदलल्यास गिअर व ॲक्सलवर ताण येतो.

रोटाव्हेटरची पाती

झिजलेले पाते आखूड आणि अरुंद होते. त्यामुळे हवी ती खोली मिळत नाही, काडीकचरा नीट गाडला जात नाही आणि एका पाळीचे काम दोन पाळ्यांत करावे लागते. दुसऱ्या पाळीत डिझेल जातेच, शिवाय जमिनीचा भुगा होतो. अशा भुसभुशीत थरावर जोराचा पाऊस पडला की पापुद्रा धरतो आणि कोंब वर येताना अडतात. म्हणजे पात्यावर वाचवलेले पैसे उगवणीत जातात.

- नवे पाते जुन्याशेजारी धरून फरक पाहा. वाकलेली, तडे गेलेली पाती लगेच बदला.
- शक्यतो पूर्ण संच बदला. नवी-जुनी पाती मिसळल्यास शाफ्टचा तोल जातो, थरथर वाढते आणि बेअरिंग व ऑइल सील खराब होतात.
- उजवी आणि डावी पाती वेगळी असतात. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या आणि त्याच क्रमाने नवी बसवा.
- नट-बोल्टही नवे घ्या. काम सुरू केल्यावर काही तासांनी ते पुन्हा आवळा.
- आपल्याकडे सर्वसाधारण कामाला इंग्रजी एल आकाराची पाती वापरतात. कठीण किंवा चिकट ओल्या जमिनीसाठी सी आकाराची पाती मिळतात. प्रकार बदलण्यापूर्वी ती आपल्या फ्लँजला बसतात का ते पाहा.

पेरणी यंत्र आणि कल्टिव्हेटर

पेरणी यंत्राचे काही दाते जास्त आणि काही कमी झिजले असतील तर बियाणे वेगवेगळ्या खोलीवर पडते. सोयाबीन 3 ते 5 सेंटिमीटर खोलीवर पडणे अपेक्षित असते. खोल पडलेले बी उशिरा उगवते किंवा सडते, उथळ पडलेले ओल तुटली की वाळते. यंत्र सपाट फरशीवर टेकवून सर्व दात्यांची टोके जमिनीला सारखी लागतात का ते पाहा. साखळी सैल, चक्राचे दात टोकदार झालेले किंवा बियाणे नळी चिरलेली असेल तर तेही बदला. नंतर बियाण्याचे प्रमाण पुन्हा तपासून घ्या.

कल्टिव्हेटरचे दोन्ही टोकांना धार असलेले फाळ एक टोक झिजल्यावर फिरवून लावता येतात. दोन्ही टोके संपल्यावरच नवे घ्या.

फिल्टर, पट्टा आणि क्लच

- एअर फिल्टर: कोरड्या फिल्टरला आतून बाहेर, कमी दाबाची हवा मारा. तो आपटू नका. आत दिवा धरून छिद्र दिसल्यास बदला, कारण छिद्रातून गेलेली धूळ इंजिनचे लायनर व रिंग घासते. आतला सुरक्षा फिल्टर साफ करत बसू नका, तो बदलायचाच असतो.
- फॅन बेल्ट: दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास साधारण 10 ते 15 मिलिमीटर खाली जावा. पट्टा पुलीच्या तळाला टेकत असेल किंवा तडे गेले असतील तर बदला.
- डिझेल फिल्टर: बदलल्यावर पाइपमधील हवा काढल्याशिवाय इंजिन नीट चालत नाही.
- क्लच: इंजिनचा वेग वाढतो पण ट्रॅक्टर ओढत नाही, हे घसरण्याचे लक्षण. आधी पेडलची मोकळी चाल तपासा. ट्रॅक्टर उघडायचाच असेल तर प्लेटसोबत रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट आणि ऑइल सीलही पाहून घ्या, म्हणजे पुन्हा मजुरी पडणार नाही.

भाग खरेदी करताना

- फक्त मॉडेलचे नाव सांगू नका. चॅसिस व इंजिन क्रमांक, उत्पादन वर्ष आणि शक्य असेल तर जुना भाग सोबत न्या.
- ब्रेक, क्लच, स्टिअरिंग आणि फिल्टर मूळ कंपनीचे किंवा त्या कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचे घ्या. पात्यांसारख्या भागांत चांगला स्थानिक उत्पादक चालतो, पण पाती ठोकून नाही तर एका हंगामाच्या अनुभवावरून ठरवा.
- पक्के बिल घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचे टायर व अनेक सुट्या भागांवरील जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला आहे. बिलावरील दर पाहून घ्या.

बदलताना सुरक्षितता

पीटीओ बंद करा, इंजिन बंद करा आणि चावी खिशात ठेवा. हायड्रॉलिकवर उचललेल्या औजाराखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. सील फुटले किंवा लिव्हरला धक्का लागला तर औजार क्षणात खाली येते. पीटीओ शाफ्टचे कव्हर तुटले असेल तर तेही झिजलेल्या भागांच्या यादीत धरा. फिरत्या शाफ्टमध्ये सदऱ्याचे टोक, उपरणे किंवा पदर अडकून जीव गेले आहेत.

शेवटी एक वही ठेवा. तासमापकावरील तास, बदललेला भाग, किंमत आणि तारीख एवढेच लिहा. दोन हंगामांनंतर आपल्या जमिनीत कोणता भाग किती तास टिकतो, हे तुम्हाला तुमच्याच वहीतून कळेल.