ठोंबऱ्यांचा त्र्यंबक आणि त्याला सांभाळणारी माणसं



श्रावण लागला की आपल्यातल्या कितीतरी जणींच्या तोंडी शाळेतली एक कविता आपोआप येते. पैठणीच्या मागावर बसलेली असो की मक्यात निंदायला गेलेली, शाळा मध्येच सुटलेल्या बाईलाही तिच्या दोन ओळी पाठ असतात. ती कविता बालकवींची.

आमच्या गटाच्या बैठकीत मागे एका ताईने गाऱ्हाणं मांडलं. पोरगा शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि बांधावर जाऊन पाखरं बघत बसतो. "याचं पुढं कसं व्हायचं?" सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर बालकवींचा विषय निघाला. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो आहोत.

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचा. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदलीमागून बदली. आज या गावी बिऱ्हाड, उद्या त्या गावी. मुलाची शाळा धड एका जागी झाली नाही आणि शिक्षणही फार पुढे गेलं नाही. पण या भटकंतीत खानदेशातले ओढे, डोंगर, रानवाटा त्याच्या डोळ्यांत भरल्या. लहानपणी नवापूरच्या जंगलपट्टीत असताना तो कविता करू लागला, असं सांगतात.

त्या काळी अशा मुलाला लोक काय म्हणत असतील? आपण आज म्हणतो तेच. पोरगं नादिष्ट आहे.

१९०७ साली जळगावला कवींचं संमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ नुसते कवी नव्हते. सैन्यातले डॉक्टर आणि वनस्पतींचे मोठे जाणकार होते. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बसू यांचा मोठा ग्रंथ पुढे १९१८ साली निघाला. आयुष्यभर झाडंपानं निरखणाऱ्या या माणसासमोर सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांच्या मुलाने कविता म्हटली. त्यांनी त्याला जवळ केलं आणि 'बालकवी' म्हटलं. तेच नाव पुढे कायमचं झालं.

नाव मिळालं, पण नावाने पोट भरत नाही. तिथे दुसरी माणसं उभी राहिली. त्याच संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. तेही कवी, फुलांवर आणि मुलांवर जीव असलेले. त्यांनी आणि लक्ष्मीबाईंनी या मुलाला आपलं म्हटलं आणि पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहिला.

लक्ष्मीबाई आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हा संसार मोडला. पाच वर्षांनी त्यांनीही तो धर्म घेतला आणि संसार पुन्हा मांडला. त्यांच्या घरात अनाथ मुलं, पाहुणे, विद्यार्थी, सगळ्यांचा राबता. पैशाची नेहमीच चणचण. त्यातच हा ब्राह्मणाघरचा मुलगा. शंभर वर्षांपूर्वी हे सोपं नव्हतं, ना त्याला, ना त्यांना. तरी तो तिथे घरच्यासारखा वावरला. पुढे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, त्यात हा ठोंबरे त्याच्या सगळ्या लहरींसकट भेटतो. त्या मुलाचं हसणं-रुसणं आज आपल्याला कळतं, ते एका बाईने मायेने पाहिलं आणि लिहून ठेवलं म्हणून.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाची. मनमाड-दौंड रेल्वे १८७८ पासूनची. खानदेशातून नगरला रेल्वेने जायचं तर वाट येवल्यावरूनच. तेव्हा हा मुलगा गाडीच्या खिडकीतून आपलं माळरान बघत गेला असेल, असं आम्हाला सारखं वाटतं.

बालकवींना आपण आनंदाचे कवी म्हणतो. पण त्यांच्या 'पारवा', 'उदासीनता' या कविता वाचल्या की पोटात कालवतं. संसार होता, पैशाची ओढाताण होती. झाडं-झरे बघणारा माणूस सदा सुखातच असतो असं नाही. कधी कधी तो तिथे जातो, कारण दुसरीकडे मन मोकळं करायला जागा नसते.

५ मे १९१८. जळगाव आणि भुसावळच्या मध्ये भादली नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून ते गेले. वय सत्तावीस. पुढच्याच वर्षी मे महिन्यात टिळकही गेले. मागे राहिल्या बाया. टिळकांच्या घरात लक्ष्मीबाई आणि ठोंबऱ्यांच्या घरात त्यांची पत्नी पार्वतीबाई. बालकवींची कविता आपण शाळेत पाठ केली, पण पार्वतीबाईंचं नाव आम्ही मोठं झाल्यावर ऐकलं. म्हणून आज ते मुद्दाम घेतो आहोत.

'औदुंबर' ही त्यांची कविता अवघ्या आठ ओळींची. त्यात एक ओढा, एक पायवाट, एक उंबर. असे उंबर आपल्याकडेही नाल्याकाठी आहेत. आपण त्यांच्याखाली पूजा करतो आणि रस्ता रुंद करायचा झाला की पहिली कुऱ्हाडही त्यांच्यावरच चालते.

मैत्रिणींनो, कीर्तिकरांनी ऐकून घेतलं, टिळकांनी घर दिलं, लक्ष्मीबाईंनी आठवण लिहिली. यातलं एकही काम श्रीमंतीचं नाही. आपल्यालाही जमण्यासारखंच आहे.

त्या बैठकीत आम्ही त्या ताईच्या मुलासाठी एक वही आणायचं ठरवलं. कोणतं पाखरू कधी आलं, कोणतं झाड कधी फुललं, ते त्याने तारीख घालून लिहायचं. ताई म्हणाली, "लिहील, पण आधी गृहपाठ." ते आम्हाला मान्य आहे. आणि हो, येवला स्टेशनवर घाई असली तरी रुळांवरून जाऊ नका, पोरांनाही जाऊ देऊ नका.