काशीला जोडलेली पेशवाई

दोन गोष्टी एकत्र येण्याला मराठीत एक शब्द पुरत नाही. मुलूख राज्यात मिळवला जातो, दुधात पाणी मिसळते आणि उभ्या घराला पडवी जोडली जाते. मिळवण्यात एका बाजूची सत्ता संपते, मिसळण्यात दोन्हींचा वेगळेपणा जातो, जोडण्यात मात्र सांधा दिसत राहतो. मराठे आणि काशी यांच्या संबंधाबद्दल आपल्याकडे बहुतेकदा पहिल्या अर्थाने लिहिले जाते आणि काशीतले लेखक दुसऱ्या अर्थाने लिहितात. माझ्या मते तिथे जे घडले ते तिसऱ्या प्रकारचे होते. त्याचा चांगला पुरावा नारद घाटाला लागून असलेल्या, आज राजा घाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमृतराव घाटावर आहे.

काशी मिळवण्याचा प्रयत्नच झाला नाही, असे नाही. 1742 मध्ये मल्हारराव होळकरांची फौज त्या भागात आली, तेव्हा ज्ञानवापीची मशीद पाडून विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारण्याचा बेत होता. त्याला पहिला विरोध केला तो काशीतल्याच ब्राह्मणांनी. फौज आज आहे, उद्या परत जाईल आणि मागे राहिलेल्यांना सुभेदाराचा कोप भोगावा लागेल, हे त्यांना दिसत होते. पुढे नानासाहेब पेशव्यांनी काशी-प्रयाग पदरात पाडून घेण्यासाठी उत्तरेतल्या सरदारांमागे लकडा लावला, पण पानिपताने तो विषय संपवला. 1775 मध्ये काशीचे स्वामित्व अवधच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. मराठी बांधकामाचा मोठा भाग मात्र याच सुमाराचा किंवा त्यानंतरचा आहे. राज्य दुसऱ्याचे आणि दगड आपला, अशी ती स्थिती. अहिल्याबाईंनी 1780च्या सुमारास बांधलेले विश्वनाथाचे देऊळ मशिदीच्या जागी नाही, शेजारी आहे. सासऱ्याला जे पाडून साधायचे होते, ते सुनेने बाजूला उभे करून साधले. आपल्या इतिहासात या फरकाला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

अमृतराव हा तर जन्मानेच जोडलेला माणूस. भुस्कुटे घराण्यातून त्याला रघुनाथरावाने दत्तक घेतले. 1775 मध्ये औरस बाजीराव जन्मला आणि थोरल्या मुलाचे स्थान कायमचे डळमळीत झाले. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकराने पुण्याजवळ बाजीरावाचा पराभव केला आणि पेशवाईचा कारभार अमृतरावाच्या हाती आला. होळकराच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी पुणेकरांकडून झालेली सक्तीची वसुली याच काळातली. डिसेंबरअखेर बाजीरावाने वसईचा तह केला आणि एप्रिल 1803 मध्ये आर्थर वेलस्ली पुण्यावर चालून आला. अमृतराव शहर जाळणार अशी त्या वेळी आवई होती. शहर जळले नाही. ऑगस्टमध्ये अमृतरावाने कंपनीशी स्वतंत्र करार केला. सालीना सात लाखांच्या तनख्यावर त्याने गादीवरचा हक्क सोडला आणि बुंदेलखंडात कर्वी येथे बिऱ्हाड केले. काशीतला घाट आणि वाडा साधारण 1807चा. तिथल्या त्याच्या देवळांची नावे अमृतेश्वर, विनायकेश्वर, गंगेश्वर अशी, शिवाय अमृत विनायक नावाचा गणपती. विनायकराव हा त्याचा मुलगा, म्हणजे या एका गणपतीच्या नावात बाप-लेक दोघेही आले. जुन्या रिवाजाप्रमाणे माणसाचे नाव देवाला जोडले गेले. शिव शिवच राहिला आणि अमृतरावाचे नावही पुसले गेले नाही.

दानाची तऱ्हाही पाहण्यासारखी होती. 1824 मध्ये, अमृतरावाच्या निधनाच्या वर्षीच, कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर काशीत होता. त्याने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे, की अमृतराव वर्षातून एका ठरावीक दिवशी येईल त्या ब्राह्मणाला आणि भिक्षेकऱ्याला शेरभर तांदूळ आणि एक रुपया देई. त्यासाठी चार दरवाजांची मोठी बाग होती. तीन दरवाजे वेगवेगळ्या वर्गांतल्या याचकांसाठी, चौथा धन्याचा आणि चाकरांचा. दान मिळालेल्याला दिवसभर बागेतच बसवून ठेवत, म्हणजे तो फिरून दुसऱ्यांदा रांगेत येऊ नये. एका दिवसाचा खर्च पन्नास हजार रुपयांपर्यंत जाई, असे हेबरच्या कानावर आले होते. यात भाबडी उधळपट्टी नाही, पुण्याच्या रमण्यात दक्षिणा वाटताना जी शिस्त लागे, तीच इथे दिसते. पेशव्यांचा दौलतीवरचा हक्क सुटला, पण दक्षिणेची पद्धत सुटली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पुण्यात पिळून काढलेल्या पैशाचे हे प्रायश्चित्त, किंवा गादी गेलेल्या माणसाने पैशाने विकत घेतलेला मान, असे का म्हणू नये? म्हणावे, हेतू शोधायला कोणाची हरकत नाही. पण हेतू काहीही असला तरी त्याने निवडलेला मार्ग तोच राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. अनंत सदाशिव आळतेकरांनी आपल्या काशीच्या इतिहासात आजचे शहर मुख्यतः मराठ्यांनी घडवले, असे मत मांडले. मग काशी मराठ्यांची का नव्हे? कारण या बांधकामामागे एक राज्य किंवा एक आराखडा नव्हता. नागपूरकर भोसले, होळकर, शिंदे, पेशवे यांनी आपापल्या घाटापुरते पाहिले आणि परवानगी परक्या सत्तेची घेतली. उरला प्रश्न मिसळण्याचा. पैठणहून आलेले भट्ट घराणे सोळाव्या शतकापासून काशीत धर्मशास्त्राचे पीठ होऊन राहिले, त्यातलाच गागाभट्ट 1674 मध्ये रायगडावर आला. एकनाथांनी भागवतावरची टीका काशीत 1573 मध्ये पुरी केली, तीही मराठीतच. हिंदुस्थानी पंडितांत इतका काळ वावरूनही ब्रह्मा घाट, दुर्गा घाट परिसरात मराठी घरे वेगळी ओळखू येत राहिली. याला कोणी अलिप्तपणा म्हणेल. पण ज्या शहरात बंगाली टोला आणि गुजराती, तमिळ, नेपाळी वस्त्या अशाच शेजारी शेजारी नांदल्या, तिथे हीच रीत होती.

कंपनीशी जोडून घेतलेले जे होते, त्याचे पुढे काय झाले तेही पाहावे. 1853 मध्ये विनायकराव वारला आणि तनखा थांबला. 1857च्या बंडात त्याच्या घराण्यातले कर्वीचे नारायणराव आणि माधवराव ओढले गेले. 1858 मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने कर्वीचा वाडा घेतला आणि रोकड, जडजवाहीर जप्त केले. ती लूट कोणत्या पलटणींनी कशी वाटून घ्यावी, यावर इंग्लंडात वर्षानुवर्षे वाद चालला आणि 1866 मध्ये डॉक्टर लशिंग्टन यांनी निकाल दिला. त्या निकालात पलटणी आणि सेनापती यांच्या वाट्यांचा बारीक काथ्याकूट आहे. काशीतल्या घाटाशी त्या वाटणीचा काही संबंध आला नाही.