वाळवंटातला ट्रक आणि पाण्याचा डबा

महायुद्धाच्या काळातले लष्करी ट्रक हौसेने जतन करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते : गाडी चढावर तापते. त्यावरचा उपायही ठरलेला, रेडिएटरमागचा पंखा बदला. चार पात्यांच्या जागी सहा पात्यांचा बसवा, नाहीतर विजेवर चालणारा. बोरघाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभे राहिलेले ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा उपाय पटेलच. पण ज्या काळात हे ट्रक रणांगणावर होते, तेव्हा एका माणसाने पंख्याला हातही न लावता हा प्रश्न सोडवला होता.

त्याचे नाव राल्फ बॅग्नॉल्ड. ब्रिटिश सैन्यातला हा अधिकारी १९२०च्या दशकात इजिप्तमध्ये होता. सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन तो फोर्डच्या मोटारी लिबियाच्या वाळवंटात घालायचा. तिथे मऊ वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने सरकते. त्यात वारा पाठीमागून असला की रेडिएटरला ताजी हवा मिळतच नाही आणि पाणी उकळू लागते. पंखा वाढवावा, तर तो पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला. त्याचा वेग दुप्पट केला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. ती येणार पेट्रोलमधून, आणि पेट्रोल तर पाठीवरच वाहून न्यायचे!

बॅग्नॉल्डने वेगळा विचार केला. पाणी उकळते तर उकळू दे, ते वाया जाता कामा नये. रेडिएटरची वाफ बाहेर सोडणारी वाट त्याने बंद केली आणि ती वाफ नळीने गाडीच्या बाजूला बांधलेल्या, अर्धा पाण्याने भरलेल्या डब्यात नेली. वाफ तिथे थंड होऊन पाणी व्हायची. डबाही उकळून पाणी उडू लागले, की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. रेडिएटर निवला की आत पोकळी तयार होई आणि डब्यातले पाणी गुडगुडत परत ओढले जाई. एवढेच. कुठे गळती नसेल तर वरून पाणी घालायची गरजच नाही.

१९३९मध्ये सैन्यात परत बोलावलेला बॅग्नॉल्ड खरे तर केनियाला निघाला होता. वाटेत भूमध्य समुद्रात जहाजांची टक्कर झाली आणि तो इजिप्तमध्ये उतरला. १९४०च्या उन्हाळ्यात त्याने तिथे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. दारे, काचा, छप्पर काढून टाकलेले शेव्हरोले ट्रक, आणि त्यांना तोच डबा. जानेवारी १९४१मध्ये त्यांच्या तुकड्यांनी कैरोपासून दीड हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मुर्झुक इथल्या इटालियन ठाण्यावर छापा घातला. वाटेत विहिरी मोजक्याच. रेडिएटरने प्यायलेले पाणी माणसांच्या वाट्यातून गेले असते.

आजच्या मोटारींत बॉनेटखाली जी कूलंटची प्लास्टिकची बाटली दिसते, तिचे तत्त्व हेच. जुना ट्रक तापत असेल तर मीही आधी रेडिएटरच्या नळ्यांत साचलेले क्षार पाहीन, पंख्याचे नंतर.

वाळवंटातून परत आणलेला या दलाचा एक शेव्हरोले ट्रक लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. रंगरंगोटी न करता, गंजासकट.