ट्रॅक्टरचा सेल्फ आणि ओहम मास्तर

उसाच्या पट्ट्यातल्या गावांत काही ट्रॅक्टर रात्री मुद्दाम उतारावर लावलेले दिसतात. सकाळी सेल्फ लागला तर ठीक, नाहीतर उतारावरून सोडून इंजिन चालू करायचे. तोच ट्रॅक्टर दुपारी मात्र एका झटक्यात सुरू होतो. किल्ली फिरवली की कधी इंजिन धडधडते, कधी नुसते 'खट्' वाजते. दिवे लख्ख लागतात, म्हणून बॅटरीकडची बाजू ठीक असे ठरते आणि सेल्फ खोलला जातो. या कोड्याची उकल जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने करून ठेवली आहे.

जॉर्ज ओहम १८१७ पासून जर्मनीतल्या कोलोन शहरात एका शाळेत शिकवत होता. वडील कुलपे बनवणारे, त्यामुळे हातात कसब होते. उपकरणे तो स्वतःच तयार करी. तार लांब केली की प्रवाह किती घटतो, हे त्याला मोजायचे होते. पण वीजघट बेभरवशाचा! तार जोडताच प्रवाह जोरात सुरू होई आणि बघता बघता ओसरे. १८२५ साली त्याने मांडलेले सूत्र चुकलेच. तेव्हा पोगेनडॉर्फने त्याला वेगळा मार्ग सुचवला. दोन धातूंच्या सांध्यांच्या तापमानात फरक असला की वीज वाहते, हे झीबेकला १८२१ साली आढळले होते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचे सांधे केले; एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमाने ठरलेली, म्हणून वीजदाबही स्थिर. १८२६ साली नियम हाती आला.

त्याच्या सूत्रात तपासायच्या तारेच्या रोधाबरोबर उरलेल्या सगळ्या मंडलाचा रोधही होता. आम्हाला खरी कमाई हीच वाटते, आणि वर्गात नेमका हाच भाग सुटतो. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिले ते १८४१ साली.

आता सेल्फकडे येऊ. पूर्वी इंजिनाला हँडल मारावे लागे. ते उलटे फिरले तर हात मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर विजेचा सेल्फ आला. तो बनवणारा चार्ल्स केटरिंग, हाही एके काळी खेड्यातला शिक्षक! दुकानातल्या गल्ला-यंत्राला मोटर बसवताना त्याने ओळखले होते की, काही क्षणच चालायचे असेल तर लहान मोटरलाही भरपूर प्रवाह देता येतो. ट्रॅक्टरचा सेल्फ २०० अँपिअरसुद्धा सहज ओढतो.

समजा, टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचून ०.०१ ओहम रोध तयार झाला. २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दिवे ५ अँपिअर घेत असतील, तर जातो फक्त ०.०५ व्होल्ट, डोळ्याला फरक कळणारच नाही. शिवाय सैल सांध्याचा रोध हादऱ्याने, उष्णतेने बदलत राहतो. पहाटे इंजिनातले तेलही घट्ट असते, सेल्फला जास्त जोर लागतो.

असा रोध प्रवाह वाहत असतानाच सापडतो. गिअर न्यूट्रलला ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्यावरच्या क्लँपवर धरावी. एरवी काटा शून्यावरच असेल. दुसऱ्याने किल्ली फिरवताच तो एक-दोन व्होल्टवर गेला, तर चोर तिथेच आहे. अर्थिंगच्या वायरीचेही तसेच. आम्ही पाहिलेल्या एका ट्रॅक्टरचा सेल्फ दोनदा खोलून झाला होता. दोष निघाला अर्थिंगच्या बोल्टाखाली, गंजात. तो पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, एवढेच.