व्यापारी घराचे देणे

व्यापारी समाजाच्या दातृत्वाची नोंद सहसा देणगीच्या आकड्यांनी होते. परंतु नंदुरबारच्या एका व्यापारी घराचे देणे कोणत्याही खतावणीत मांडता येणार नाही. व्यापारी पुष्पेंद्र मेहता यांचे सुपुत्र शिरीषकुमार यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. ‘छोडो भारत’ आंदोलनात, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, तत्कालीन पश्चिम खानदेशातील या गावी मिरवणूक निघाली. हाती तिरंगा घेतलेले शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा यांनीही प्राणार्पण केले. दुकानाची गादी सांभाळण्याचे वय येण्यापूर्वीच, अवघ्या पंधराव्या वर्षी, घरचा मुलगा देशकार्यी गेला. माणिक चौकातील स्मारकावरून दुकान उघडण्यास जाणाऱ्या प्रत्येकाने हे ऋण नित्य स्मरावे.