हाराची शेवंती, ताटातली शेवंती

शेवंती म्हटले की आपल्याला हार आठवतो. भूमध्य सागराकाठच्या तिच्या एका भाईबंदाला लिनियसने १७५३ मध्ये ‘कोरोनॅरियम’, म्हणजे ‘हाराचे’, असेच नाव दिले. युरोपात ती मुख्यतः शोभेची राहिली. चीन-जपानमध्ये मात्र परसात भाजी म्हणून रुजली. जपानी नाव शुंगिकू, वसंतातली शेवंती. थंड हवेत बी पेरतात, कळी येण्याआधी कोवळे शेंडे खुडतात. फुलावर आली की पाने कडवट होतात.

पुढे शास्त्रीय नियमांनी ‘क्रिसँथेमम’ हे नाव या भाजीकडे गेले, हाराची शेवंती ‘डेंड्रँथेमा’ झाली! १९९९ मध्ये शेवंतीला नाव परत मिळाले. भाजी ‘ग्लेबिओनिस’ ठरली. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो: नावावरून भाजी खुडू नका, आधी वनस्पती ओळखा.